चॅम्पसारख्या अँपमधली हम आणि शिट्टी: नवे पार्ट आणण्याआधी काय तपासाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फेंडर चॅम्प ५एफ१ च्या नकाशावरून तुम्ही हाताने वायरिंग करून अँप उभा केला: एक १२एएक्स७ (आत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे असलेली ट्यूब), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारी आउटपुट ट्यूब), रेक्टिफायर ५वाय३ (एसीचा डीसी करणारी ट्यूब). व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हम (सततची घूं अशी घरघर) येते. नॉब ७ च्या पुढे नेला की शिट्टी सुरू होते आणि १२ पर्यंत वाढतच जाते, गिटार लावलेली नसली तरी. ट्यूबचा दुसरा संच घालूनही फरक पडला नाही. आता पहिला फिल्टर कपॅसिटर १६ ऐवजी १०० मायक्रोफॅरॅडचा घालावा का, असं विचारताय. शिवाय मित्राचा पीसीबीवाला (छापील सर्किट बोर्डचा) ट्यूब अँप शांत आहे, म्हणजे हातच्या वायरिंगचा निर्णयच चुकला का, ही शंका. मोजलेले व्होल्टेज दिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाजाचं काम निम्मं कमी झालं.

खरं तर हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. शून्यावर येणारी हम व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पुढच्या भागातली आहे. नॉबबरोबर वाढणारी शिट्टी पॉटच्या अलीकडच्या भागाला सामील करून घेते. हा नॉब हेच तुमचं पहिलं निदानयंत्र, आणि ते फुकट आहे. नव्या अँपमध्ये पार्ट खराब निघण्यापेक्षा तार चुकीच्या जागेवरून जाणं किंवा ग्राउंड चुकीच्या ठिकाणी जोडणं हे कितीतरी जास्त वेळा सापडतं. ट्यूब बदलून फरक पडला नाही, यातूनही तेच दिसतं.

हात घालण्याआधी: या अँपमध्ये ३५० व्होल्टच्या वर डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडा. एक क्लिप चॅसिसला, दुसरी पहिल्या कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, पाचेक सेकंद धरा आणि मग मीटरने शून्य आल्याची खात्री करा. पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉट कायमचा लावून टाका, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटात तो आपोआप रिकामा होतो. त्यावर विसंबून मोजायचं मात्र टाळू नका. चालू अँपमध्ये मोजताना काळी क्लिप चॅसिसला लावून ठेवा आणि एकच हात आत न्या. स्पीकर न जोडता अँप चालवू नका. आणि हम घालवण्यासाठी मेनचं अर्थिंग तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस कितीही जाणकार वाटो, ऐकू नका. अर्थची तार स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशर लावून. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली नाही.

आता तुमचे आकडे. पहिल्या कपॅसिटरवर ३६५, ६व्ही६ च्या पिन ३ (प्लेट) वर ३५३, पिन ८ (कॅथोड) वर २२.५. १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटवर १८२ आणि १८६, कॅथोडवर १.३५ च्या आसपास. १२एएक्स७ अगदी ठणठणीत आहे: १.३५ व्होल्ट भागिले १.५ किलोओहम म्हणजे ०.९ मिलिअँपिअर, आणि तेवढा करंट १०० किलोओहममधून गेला की ९० व्होल्ट पडतात. हिशेब जुळतो. ५वाय३ च्या दोन प्लेटपैकी एकीला ड्राय सोल्डर असता तर एचटी (ट्यूबना मिळणारा उंच डीसी व्होल्टेज) बरीच खाली आली असती, तेही नाही.

६व्ही६ मात्र जास्त तापतेय. २२.५ भागिले ४७० म्हणजे ४८ मिलिअँपिअर. त्यातले सुमारे ३ स्क्रीनचे (पिन ४), उरले ४५. प्लेट ते कॅथोड व्होल्टेज ३३०. गुणाकार केला की जवळपास १५ वॉट होतात. ६व्ही६जीटी ची मर्यादा जुन्या पद्धतीच्या मोजणीत १२ वॉट, नंतरच्या पद्धतीत १४. म्हणजे दोन्हींच्या वर. कॅथोड रेझिस्टर ६८० ओहम, ५ वॉट करा. करंट ३८ च्या आसपास येईल आणि प्लेटवर सुमारे १२ वॉट राहतील. नेमका आकडा ट्यूबवर अवलंबून असतो, म्हणून बदलल्यावर पुन्हा मोजा. त्याला समांतर असलेला २५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर २५ व्होल्टचा असेल तर तो आत्ताच काठावर आहे आणि नव्या रेझिस्टरने २६ च्या आसपास जाईल. ५० व्होल्टचा घाला.

हा बदल मी हमच्या आधी सांगतोय याला कारण आहे. पहिल्या कपॅसिटरवरची लहर (डीसीवर उरलेला एसीचा चढउतार, हमचं मूळ) सरळ करंटवर अवलंबून असते. ढोबळ सूत्र: करंट भागिले लहरीची फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्सचा गुणाकार. एकूण ५० मिलिअँपिअर, १०० हर्ट्झ आणि १६ मायक्रोफॅरॅड धरले तर कमाल ३१ व्होल्टची लहर येते. करंट ४० वर आला की तीच २५. एक पैशाचा कपॅसिटर न वाढवता हम तेवढी उतरली.

मग १०० मायक्रोफॅरॅड का नको? कारण ५वाय३. कपॅसिटर मोठा झाला की तो प्रत्येक अर्ध्या चक्रात थोड्याच वेळात भरतो, म्हणून भरण्याचा करंट टोकदार आणि उंच होतो. ट्यूब रेक्टिफायरला हा टोकाचा करंट सोसण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की आत ठिणग्या पडतात आणि ट्यूब लवकर मरते. वर हा टोकदार करंट ग्राउंडमधून जात असेल तर हम उलट कर्कश होते. २२ मायक्रोफॅरॅड, ४५० किंवा ५०० व्होल्टचा खुशाल घाला. त्यापुढे जायचं असेल तर वाढ दुसऱ्या आणि तिसऱ्या कपॅसिटरवर करा, म्हणजे १० किलोओहम आणि २२ किलोओहमच्या पलीकडे. तिथे रेझिस्टर आडवा असल्याने रेक्टिफायरला त्रास नाही.

तिथे वाढ करण्यात आणखी एक फायदा आहे. ६व्ही६ सारख्या ट्यूबचा प्लेट रेझिस्टन्स लोडच्या मानाने खूप मोठा असतो, ५० किलोओहमच्या घरात. त्यामुळे प्लेटला पोचणाऱ्या लहरीचा बहुतेक भाग ट्यूबवरच पडतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाट्याला थोडासाच येतो. स्क्रीनवरची लहर मात्र ट्यूब चक्क अँप्लिफाय करते. म्हणून १० किलोओहमच्या पलीकडचा, पिन ४ ला पोसणारा ८ मायक्रोफॅरॅड २२ केला तर कानाला जाणवणारा फरक पहिल्याला १०० करण्यापेक्षा जास्त मिळतो.

आता हम नेमकी कुठली ते शोधू. आधी तिचा सूर ओळखा. ५० हर्ट्झचं मेन असेल तर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झ. गिटारच्या जाड सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा असतो, तो छेडून मिळतो का पाहा. हम त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ती ५० ची. ६० हर्ट्झच्या मेनवर १२० चा सूर पाचव्या तारेवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी पडतो. १०० ची हम एचटीतून किंवा ग्राउंडमधून येते. ५० ची हिटरमधून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा इनपुटच्या बाजूने.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, अँप बंद करून १२एएक्स७ काढा, पुन्हा चालू करा. हम गेली तर ती दुसऱ्या ट्रायोडमधली: हिटरच्या तारा, त्या टप्प्याचं ग्राउंड, ग्रिडची (सिग्नल ट्यूबमध्ये जिथून शिरतो त्या टोकाची) वायर. हम तशीच राहिली तर ती ६व्ही६ किंवा सप्लायमधली. किंचित वाढली तरी गोंधळू नका. १२एएक्स७ काढल्यावर निगेटिव्ह फीडबॅकही (आउटपुटचा थोडा भाग विरुद्ध दिशेने मागे देणारी जोडणी) तुटतो आणि तो जी थोडी हम दाबत होता ती मोकळी होते.

हम राहिली तर पुढची पायरी: सगळ्याच ट्यूब काढा, रेक्टिफायरसुद्धा, आणि अँप चालू करून स्पीकरला कान लावा. एचटी तयारच होत नाही, तरी पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू असतो. (रेक्टिफायरच्या सॉकेटवर पिन ४ आणि ६ ला एसी असतोच, तिथे बोट नको.) एवढ्यावरही हम ऐकू आली तर ती एका ट्रान्सफॉर्मरमधून दुसऱ्यात उडी मारतेय. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ९० अंशात फिरवा, जमल्यास लांब न्या. भोकं पाडण्याआधी हे करायचं असतं, पण नव्याने दोन भोकं पाडणं काही फार मोठी गोष्ट नाही.

हिटरचं बोलायचं तर ६व्ही६ चे ०.४५ आणि १२एएक्स७ चे ०.३, मिळून ०.७५ अँपिअर एसी त्या जोडीतून वाहतो. दोन्ही तारा घट्ट पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्याने न्या आणि ग्रिडपासून लांब ठेवा. काही जुन्या लहान अँपमध्ये ६.३ व्होल्टचं एक टोक थेट चॅसिसला जोडून दुसरीच तार फिरवलेली असते. तुम्ही नकाशा तसाच उतरवला असेल तर ते काढा. ट्रान्सफॉर्मरच्या हिटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली तार) असेल तर तो वापरा. नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे अर्धा वॉटचे रेझिस्टर एका बिंदूला आणा. दोन्ही एकत्र नकोत. तो बिंदू चॅसिसऐवजी ६व्ही६ च्या पिन ८ ला जोडला तर हिटर वीस-पंचवीस व्होल्ट वर उचलला जातो आणि हिटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते. पैसे न लागणारी आणि बहुतेक वेळा उपयोगी पडणारी युक्ती आहे ही.

ग्राउंडकडे मी सर्वात जास्त संशयाने पाहतो, कारण तुमच्या फोटोत एचटीचा सेंटर टॅप एका बोल्टला आणि पहिल्या कपॅसिटरचं निगेटिव्ह चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला दिसतंय. भरण्याचा तो टोकदार करंट मग चॅसिसच्या पूर्ण लांबीतून वाहतो आणि वाटेतल्या प्रत्येक ग्राउंडला थोडं थोडं हलवतो. आवाज घूं असा नसून ‘झर्र’ अशा धारेचा असेल तर कारण हेच. सेंटर टॅपची तार थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायाला नेऊन सोल्डर करा. त्याच जागी ६व्ही६ च्या कॅथोडचं ग्राउंड आणा आणि तिथून एकच तार चॅसिसला. १२एएक्स७ च्या दोन्ही टप्प्यांचं ग्राउंड आणि शेवटच्या कपॅसिटरचं निगेटिव्ह वेगळं एकत्र करून इनपुट जॅकजवळ चॅसिसला जोडा. व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर सोल्डर करून तिलाच ग्राउंड मानण्याची जुनी सवय सोडलेली बरी. नट सैल झाला की ग्राउंडच जातं.

हे सगळं केल्यावरही स्पीकरच्या अगदी जवळ गेल्यावर हलकी हम येईलच. एकाच आउटपुट ट्यूबच्या अँपमध्ये ती पूर्ण जात नाही. याचं कारण पुढे मित्राच्या अँपशी तुलना करताना येईल.

आता शिट्टी. पहिला संशय बहुतेकांना फीडबॅकच्या उलट जोडणीवर येतो, पण तुमच्या बाबतीत तो लागू पडत नाही. स्पीकरपासून २२ किलोओहममधून येणारा फीडबॅक दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला मिळतो. म्हणजे ते वर्तुळ सगळंच्या सगळं व्हॉल्यूम पॉटच्या पुढे आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटी असती तर नॉब शून्यावर असतानाही अँप ओरडला असता. तरी खात्रीसाठी २२ किलोओहमचं एक टोक सोडवून पाहा. आवाज मोठा आणि उघडा झाला तर जोडणी बरोबर होती. आवाज दबला किंवा ओरडणं थांबलं तर सेकंडरीची टोकं अदलाबदल करा, आणि जे टोक आता ग्राउंडकडे आलं ते नीट ग्राउंड झालंय ना ते बघा.

नॉबचं वागणं आणखी एक गोष्ट सांगतं. पॉटच्या मधल्या टर्मिनलवरची इम्पिडन्स नॉबच्या मधल्या भागात सगळ्यात जास्त असते आणि पूर्ण उघडल्यावर पुन्हा कमी होते. शिट्टी मधेच येऊन टोकाला नाहीशी होत असेल तर ६व्ही६ ची प्लेट किंवा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची तार पॉटच्या वायरशी बोलतेय. तुमची शिट्टी शेवटपर्यंत वाढतेय, म्हणजे पहिला ट्रायोडही त्या फेऱ्यात आहे. प्रत्येक टप्पा सिग्नल उलटा करतो. पहिल्या ग्रिडपासून दुसऱ्या ट्रायोडच्या प्लेटपर्यंत दोनदा उलटा होऊन सिग्नल परत सुलटा येतो, आणि तोपर्यंत शेकडो पट मोठा झालेला असतो. तेव्हा त्या प्लेटची वायर, तिथून ६व्ही६ कडे जाणारा कपलिंग कपॅसिटर आणि इनपुटची वायर यांच्यात नुसती जवळीक पुरेशी आहे. स्पीकर जॅककडे जाणारी वायर इनपुट जॅकजवळून जात असेल तर तीही याच यादीत.

गिटार न लावताही शिट्टी येते हा मोठा धागा आहे. दोन जॅकच्या मूळ जोडणीत, काहीच लावलेलं नसताना जॅकची स्विचवाली पत्ती टिप ग्राउंड करते आणि दोन्ही ६८ किलोओहम समांतर येतात. अँप बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, इनपुट ज्या ग्रिडला जातं ती पिन आणि चॅसिस यांच्यात रेझिस्टन्स मोजा. ३४ किलोओहमच्या आसपास यायला हवा. १ मेगओहमच्या जवळ आला तर पत्ती टेकत नाहीये किंवा चुकीच्या टर्मिनलला जोडली गेलीय, आणि ग्रिड हवेत लोंबकळतेय. अशा ग्रिडला शिट्टी घालायला फार निमित्त लागत नाही.

३४ आला तर मग लाकडी काडी हाती घ्या. ती कोरडी हवी आणि निदान वीतभर लांब. अँप चालू, व्हॉल्यूम ८ वर, दुसरा हात खिशात. एकेक वायर काडीने हळूच सरकवा आणि सूर बदलतो का ऐका. ज्या वायरीला हलवल्यावर शिट्टीची पट्टी बदलते तीच गुन्हेगार किंवा तिची साथीदार. सापडल्यावर ती आखूड करा, चॅसिसला चिकटवून न्या, आणि ग्रिडच्या वायरला ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. लांबी ठेवायचीच असेल तर ती हिटर, कॅथोड आणि सप्लायच्या वायरींना द्या. ग्रिड आणि प्लेटच्या वायरी मात्र सरळ आणि तोकड्या. दिसायला नीटनेटकं म्हणून सगळ्या वायरी एकत्र बांधून जुडी करणं इथे महागात पडतं. तुमच्या फोटोत ती सुबक जुडी आहे. आधी ती सोडा.

एवढ्याने भागलं नाही तर इनपुट जॅक ते ग्रिड शील्डेड वायर घाला आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. ६८ किलोओहमचे रेझिस्टर जॅकवर असतील तर सॉकेटच्या पिनला लागून आणा. ६व्ही६ च्या पिन ५ वर १.५ किलोओहम आणि पिन ४ वर ४७० ओहम, १ वॉट, दोन्ही सॉकेटलाच सोल्डर करून. हे शेवटचे दोन मुख्यतः ऐकू न येणाऱ्या दोलनासाठी आहेत. ते असेल तर आवाजाला भुरभुरीत कड येते आणि ट्यूब विनाकारण तापते. तपासायचं कसं? गिटार न लावता पिन ८ चं व्होल्टेज व्हॉल्यूम शून्यावर आणि ६ वर मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. वेगळे आले तर सिग्नल नसतानाही काहीतरी चाललंय, आणि मग तुमचे २२.५ व्होल्टही पूर्णपणे रेझिस्टरमुळे नसतील.

शिट्टीऐवजी ‘पुट्-पुट्’ असा संथ आवाज असता तर मी थेट शेवटच्या कपॅसिटरकडे गेलो असतो. दोन्ही ट्रायोड त्या एकाच कपॅसिटरवर जगतात.

राहिली मित्राच्या अँपशी तुलना. पीसीबीचा मोठा गुण म्हणजे मांडणी एकदा जमली की प्रत्येक नग तसाच निघतो, वायर सरकत नाही. हातच्या वायरिंगचा गुण म्हणजे चूक दुरुस्त करता येते आणि वीस वर्षांनी कुणीही उघडून समजू शकतो. पीसीबीवरच बसवलेल्या ट्यूब सॉकेटच्या उष्णतेने कालांतराने सोल्डर तडकतात, हा त्यातला कमजोर दुवा. आवाजातला फरक मात्र बोर्डच्या जातीपेक्षा सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्यातून जास्त येतो, असं माझं ठाम मत आहे. मित्राच्या अँपमध्ये दोन आउटपुट ट्यूब असतील तर तो पुश-पुल आहे. त्यात सप्लायची लहर ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्यांत सारखी जाऊन एकमेकींना मारते. त्या शांततेचं श्रेय बोर्डला देऊ नका. पुढचा अँप बांधायचा विचार असेल तर ५ई३ डीलक्स पाहा: दोन ६व्ही६, १२एवाय७, १२एएक्स७, तोच ५वाय३, आणि फीडबॅक मुळीच नाही. वॉट दुप्पट-तिप्पट आणि सप्लायची हम बरीच कमी. तुलना करायचीच तर दोन्ही अँप एकाच कॅबिनेटवर, योग्य इम्पिडन्स पाहून लावा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्यानेच आवाज दुप्पट पॉवर दिल्यासारखा मोठा होतो, आणि हमही.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता: आधी जुडी सोडून ३४ किलोओहम तपासा, मग सेंटर टॅपचं ग्राउंड हलवा, मग ६८० ओहम, आणि कपॅसिटर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. त्यानंतर पिन ८ चे दोन्ही आकडे, १२एएक्स७ काढल्यावर हमचं काय झालं ते, आणि चॅसिसच्या आतला वरून काढलेला एक सरळ फोटो इथे टाका.